लोडवर जनरेटरचं तापमान बघायचं कुठे, कधी आणि कशाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोलीजवळ किनाऱ्यालगत घर, त्याला जोडून होमस्टेच्या चार खोल्या. १५ केव्हीएचा सिंगल फेज सायलेंट सेट, म्हणजे आवाज कोंडणाऱ्या पेटीतला जनरेटर, तीन सिलिंडरचं पाण्यावर थंड होणारं इंजिन. जानेवारीत पाण्याच्या तापमानाचा मीटर ८४ च्या वर जात नव्हता. आता मे महिन्यात तीन एसी आणि एक गिझर चालू झाला की काटा ९३ ला जाऊन बसतो. तुम्ही इन्फ्रारेड गन मागवलीत, तर ती रेडिएटरच्या वरच्या टाकीवर ६१ दाखवते, वरच्या होजवर (पाण्याच्या रबरी नळीवर) ८६ आणि मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळीवर) ३१०. यातलं खरं कोणतं? आणि गावातले मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, कटकट मिटेल. काढू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान होईल. काढू नका. कारण खाली येईलच.

आता ९३ बद्दल. घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. पाणी १०० ला उकळतं म्हणून ९३ म्हणजे काठावर आलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं, तो प्रेशर व्हॉल्व्ह असतो. ०.९ बारचं झाकण धड असेल तर नुसतं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर त्याच्याही वर. त्याआधीच सेटचा हाय टेंपरेचर स्विच इंजिन बंद करतो. तो बहुतेक सेटवर ९५ ते १०३ च्या दरम्यान कुठेतरी लावलेला असतो. तुमच्या पॅनेलवर किंवा मॅन्युअलमध्ये तो आकडा बघून घ्या. खाली मी ९८ धरून हिशेब करतो.

झाकणाचं रबर कडक झालं, फाटलं की प्रेशर धरत नाही. मग तेच इंजिन १०० च्या आसपासच उकळायला लागतं, आणि लोक रेडिएटर खोलत बसतात. झाकण धड आहे का, हे न उघडता कळतं. सेट तापलेला असताना बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या, हातात जाड कापड धरून वरचा होज दाबा. टणक लागला तर प्रेशर आहे. पिचपिचीत लागला तर झाकण किंवा कुठेतरी गळती. तापल्या इंजिनाचं झाकण मात्र काही झालं तरी उघडायचं नाही. माझ्या डाव्या मनगटावर पंचवीस वर्षांपूर्वीचा डाग आहे, तो याच घाईचा.

आता तुमची गन. गन खोटं बोलत नाही, तुम्ही तिला चुकीच्या जागी विचारताय. ही गन तापमान मोजत नाही; पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजते आणि त्यावरून अंदाज बांधते. काळा रंग, रबर, गंजलेलं बीड यांतून ती किरणं भरपूर बाहेर पडतात. चकचकीत ॲल्युमिनियम मात्र आरशासारखं वागतं. ते स्वतःची उष्णता फारशी दाखवत नाही, समोरच्या भिंतीची दाखवतं. पृष्ठभाग किती किरणं सोडतो याचा ०.९५ हा आकडा स्वस्त गनमध्ये कायमचा बसवलेला असतो, आणि चकाकणाऱ्या ॲल्युमिनियमचा खरा आकडा ०.१ सुद्धा नसतो. म्हणून वरची टाकी ६१. ती टाकी आतून नव्वदीच्या घरात असणार, गनला ते कळलंच नाही.

उपाय दहा रुपयांचा आहे. वायरमनकडची काळी इन्सुलेशन टेप घ्या, थंड इंजिनावर दोन बोटं रुंदीचा तुकडा टाकीवर चिकटवा, नीट दाबून बसवा. तशीच एक थर्मोस्टॅट हाउसिंगवर, एक खालच्या होजजवळच्या धातूच्या नळीवर. गन त्या टेपवरच मारायची. मॅनिफोल्डवर टेप लावू नका, जळून वास येईल आणि पाहुणे पळतील.

दुसरी गोष्ट अंतराची. लाल ठिपका जिथे पडतो तेवढंच गन मोजते, असा समज आहे. ठिपका फक्त दिशा दाखवायला. गनच्या अंगावर १२:१ असं काही लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ बारा इंचावरून ती एक इंचाच्या वर्तुळाची सरासरी घेते, तीन फुटांवरून तीन इंचांच्या. तुमचा होज दोन इंच जाड, आणि तुम्ही पेटीच्या दारातून हात लांब करून मारलीत तर त्यात मागचा ब्लॉक आणि शेजारचा मॅनिफोल्डसुद्धा येतो. सहा इंचावर जा. पण पंखा आणि बेल्ट चालू आहेत हे डोक्यात ठेवून जा. उपरणं, ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, काही नको.

होजवरचे ८६ बरोबर आहेत. रबराच्या बाबतीत गन प्रामाणिक असते, पण रबराचा बाहेरचा भाग आतल्या पाण्यापेक्षा पाच-सात अंशांनी थंड असतो. ८६ मध्ये सात मिळवा, ९३. म्हणजे तुमचा मीटर आणि तुमची गन एकच सांगताहेत, भांडण नाहीच. हे कळलं ही मोठी गोष्ट आहे. मीटरचा सेन्सर बिघडलेला असता तर पुढचं सगळं वाळूवर बांधलं असतं.

गनपेक्षा मला स्वतःला के-टाइप थर्मोकपल जास्त आवडतो. बऱ्याच साध्या मल्टिमीटरबरोबर ती बारीक दोन तारांची वायर मिळते, टोकाला मण्याएवढा थेंब असतो. तो थेंब थर्मोस्टॅट हाउसिंगच्या धातूवर टेकवायचा, वरून कापसाचा बोळा, त्यावर टेप. वायर दाराच्या रबराखालून बाहेर काढायची आणि मीटर बाहेर खुर्चीवर. एवढा खटाटोप कशासाठी? कारण सायलेंट सेटचं तापमान दारं बंद असतानाच मोजायला हवं. ही चूक मी अनुभवी मेकॅनिकांनाही करताना बघतो. दार उघडलं की पंखा हवा नेमलेल्या वाटेने घेत नाही, जवळच्या वाटेने घेतो. कुठल्या सेटमध्ये त्याने तापमान उतरतं, कुठल्यात उलटं चढतं, कारण रेडिएटरमधून बाहेर पडलेली गरम हवाच वळसा घालून दारातून परत आत येते. दोन्ही वेळेला तुम्ही मोजलेला आकडा तुमच्या रोजच्या सेटचा नसतो. थर्मोकपलची ती स्वस्त वायर साधारण दोन-अडीचशे अंशांपर्यंतच टिकते, तेव्हा ती एक्झॉस्टजवळून नेऊ नका.

आता लोड. ‘तीन एसी आणि एक गिझर’ हे लोडचं माप नाही. एसीचा कॉम्प्रेसर मध्येच बंद पडतो, इन्व्हर्टर एसी रात्री अर्ध्यावर चालतो. क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमटा लावून अँपिअर मोजणारा) घ्या आणि सेटमधून निघणाऱ्या फेजच्या केबलला लावा. इथे एक खोच आहे, आणि ती नीट समजून घ्या. १५ केव्हीए भागिले २३० व्होल्ट म्हणजे ६५ अँपिअर. सगळे म्हणतात ६५ पर्यंत चालेल. पण ते अल्टरनेटरचं, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचं, माप आहे. इंजिनाचं माप किलोवॅटमध्ये असतं, आणि १५ केव्हीएच्या सेटवर ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएमधला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) ते होतं १२ किलोवॅट. गिझर, इस्त्री, हीटर यांचा पॉवर फॅक्टर १ असतो. नुसते गिझर लावून तुम्ही चाचणी घेतलीत तर ५२ अँपिअरलाच इंजिन पूर्ण लोडवर गेलेलं असतं. ६५ पर्यंत ओढलंत तर सव्वापट ओझं टाकलंत, सायलेन्सरमधून काळा धूर येईल, पाणी तापेल, आणि दोष रेडिएटरला मिळेल. एसी आणि विहिरीचा पंप मिसळलेले असतील तर खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं. ज्यांच्या पॅनेलवर किलोवॅट दिसतात त्यांनी सरळ तेच वाचावेत.

चाचणीसाठी गिझरसारखं सोपं काही नाही. २ किलोवॅटचा एक गिझर म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर. चार खोल्यांचे चार गिझर, नळ बारीक सोडून ठेवले म्हणजे गिझरच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटने कट होत नाहीत, झाले ८ किलोवॅट. त्यावर एसी चढवत न्या. ड्रममध्ये मिठाचं पाणी भरून त्यात पत्रे सोडून लोड देणारे लोक मी पाहिले आहेत. घरी पोरं-पाहुणे फिरत असताना तो प्रकार नको.

पायऱ्या घ्यायच्या त्या अशा. बिनलोड पाच मिनिटं. मग साधारण पाव लोड, अर्धा, पाऊण आणि शेवटी जेवढा तुमचा रोजचा कमाल लोड असेल तेवढा. पूर्ण १२ किलोवॅट रोज कधी लागतच नसतील तर तिथे थोडा वेळच न्या. लोडच्या प्रत्येक पायरीवर आकडा ठरेपर्यंत थांबायचं. ‘ठरणे’ म्हणजे दहा मिनिटांत एका अंशापेक्षा जास्त हलला नाही. लोडच्या पहिल्या पायरीला अर्धा-पाऊण तास लागतो, पुढच्या लवकर उरकतात. पाच मिनिटांत वाचून ‘बघा, ७८ च आहे’ म्हणणं म्हणजे कुकर गॅसवर ठेवल्याबरोबर शिटी झाली नाही म्हणून डाळ शिजली नाही म्हणण्यासारखं.

प्रत्येक पायरीला चार गोष्टी लिहा: अँपिअर, पाण्याचं तापमान, खालच्या होजचं तापमान, आणि सेट जिथून हवा आत घेतो त्या जाळीशी हवेचं तापमान. ही चौथी नोंद कुणीच घेत नाही, आणि नव्वद टक्के भांडणं तिथेच मिटतात. मोबाइलवरचं दापोलीचं तापमान चालणार नाही. घरातला साधा थर्मामीटर दोरीने जाळीसमोर लटकवा, उन्हात नको.

का, ते सांगतो. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याचं काम संपतं. त्यानंतर पाणी आणि आत येणारी हवा यांच्यातला फरक त्या लोडला जवळपास कायम राहतो. हवा पाच अंशांनी तापली की पाणीही पाचाने तापतं. समजा तुमच्या पूर्ण लोडवर पाणी ९३ आणि जाळीशी हवा ४१ आहे. फरक ५२. ट्रिप, म्हणजे सेट बंद करणारा स्विच, ९८ वर असेल तर जाळीशी हवा ४६ झाली की सेट बंद पडणार. हातात पाच अंश आहेत. आता हाच सेट, हाच लोड, पण जाळीशी हवा ३३ असती तर? ४१ वरून आठ कमी, म्हणजे पाणी ८५-८६ ला आलं असतं. ८२ चा थर्मोस्टॅट असेल तर तो तिथे अर्धवट मिटून त्याला धरूनही ठेवतो. तुमचा जानेवारीचा ८४ चा आकडा आठवा.

दापोलीच्या किनाऱ्यावर मे महिन्यातही सावलीत ३३-३४ च्या पुढे फारसं जात नाही. मग जाळीशी ४० च्या वर आलं, तर ती गर्मी उन्हाळ्याची नाही. ती तुमच्या सेटचीच आहे, बाहेर टाकलेली गरम हवा फिरून परत येते.

तुम्ही लिहिलंय की सेट जांभ्याच्या कंपाउंडला लागून आहे आणि वर पत्र्याची शेड आहे. तोंड कुठे आहे ते लिहिलं नाहीत, म्हणून ही एक हकीकत. गुहागरकडे एका वाडीवर असाच सेट होता, सकाळी ८७, दुपारी तीनला ९६ आणि बंद. रात्री पुन्हा शहाण्यासारखा. मालकांनी दोन वेळा रेडिएटर काढून रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून साफ करून) आणला होता, पंपही बदलला होता. मी गेलो ती वेळ दुपारची. सेटची गरम हवा बाहेर पडायचं तोंड सरळ पश्चिमेला, समुद्राकडे. दुपारी खारा वारा सुटला की तो त्या तोंडातच घुसायचा. पंखा हवा बाहेर ढकलतोय आणि वारा आत ढकलतोय. मी उदबत्ती लावून तोंडासमोर धरली तर धूर शेडच्या पत्र्याखालून सरळ मागे, जाळीकडे. ना रेडिएटरचा दोष, ना पंपाचा. पत्र्याचा एक कोन, वर वळवलेला, तोंडावर बसवला आणि शेडची मागची बाजू उघडी केली. तीनचा आकडा ८८ वर आला. उदबत्तीची ही युक्ती तुम्हीही करा, खर्च शून्य. आणि भिंत जवळ असेल तर निदान एवढं बघा की हवा आत यायची मोकळी जागा रेडिएटरच्या जाळीच्या सव्वा ते दीडपट तरी आहे.

आता वरचा आणि खालचा होज. दोन्हीवर गन मारा. रबराची चूक दोन्हीकडे सारखी असते, त्यामुळे फरक विश्वासाचा. तुमच्या आकाराच्या सेटला लोडवर पाच ते आठ अंशांचा फरक असावा. फरक पंधरा-वीसवर गेला तर पाणी पुरेसं फिरत नाही: बेल्ट ढिला, पंपाची पाती झिजलेली, रेडिएटरच्या नळ्या क्षाराने आवळलेल्या, किंवा खालचा होज आतून चिकटतोय. फरक नेहमीचाच आहे पण दोन्ही टोकं वर सरकली आहेत, तर पाणी ठीक फिरतंय आणि दोष हवेच्या बाजूला आहे. गरम हवा परत येणं हा त्यातला एक, आणि दुसरा म्हणजे रेडिएटरच्या चोंदलेल्या पाकळ्या, नळ्यांच्या मधले पातळ पत्रे.

पाकळ्यांबद्दल कोकणातल्यांसाठी खास. तुमच्या सेटला पंखा हवा बाहेर ढकलतो, म्हणजे कचरा आतल्या, पंख्याकडच्या बाजूला बसतो. बाहेरून बघितलं तर रेडिएटर नव्यासारखा दिसतो. आत मात्र जांभ्याची लाल धूळ आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ यांचा गिलावा झालेला असतो. त्यात कुंभारमाशी आपलं घर बांधून जाते. धुवायचं ते बाहेरून आत, म्हणजे हवेच्या उलट्या दिशेने. कपड्याच्या साबणाचं कोमट पाणी आणि साधा पाइप पुरे. गाड्या धुवायचं प्रेशर मशीन लावलंत तर पाकळ्या आडव्या होतील आणि हवा कायमची अडेल. अल्टरनेटरवर आधी प्लॅस्टिक बांधा, आणि धुतल्यावर सुकेपर्यंत चालू करू नका.

रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतता का, हे विचारायचं राहिलं. खाडीच्या बाजूच्या बोअरचं तर मुळीच नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं.

मॅनिफोल्डवरच्या ३१० बद्दल विचारलंत. एकट्या ३१० ला काही अर्थ नाही. आतला धूर पूर्ण लोडवर साडेचारशे ते सहाशे अंशांचा असू शकतो, बीडाचा बाहेरचा भाग त्याहून बराच थंड असतो, आणि किती थंड ते वाऱ्यावर अवलंबून. पण तिन्ही सिलिंडरच्या बाहेर पडणाऱ्या नळ्यांवर, हेडपासून सारख्याच अंतरावर, एकेक वाचन घ्या. ३००, ३१०, २९५ असेल तर इंजिन एकदिलाने चाललंय. ३१०, ३१५, २३० आलं तर तिसऱ्या सिलिंडरचं नोझल (डिझेल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (हवा दाबून धरण्याची ताकद) गेलंय, आणि बाकीचे दोघे त्याचं ओझं वाहताहेत. एखादंच फार वर असेल तर त्याचं नोझल ठिबकतंय का बघा. हे वाचन थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत आणखी सोपं असतं. मेलेलं सिलिंडर तापतच नाही.

इथे एक धोका सांगून ठेवतो, कारण मीटरवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांचं इंजिन यातच जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत घरगुती सेट रोज बारा-चौदा तास चालत होते. एका घरचा सेट जाम झाला म्हणून मला बोलावलं. मालक शपथेवर सांगत होते, मीटर सत्तरच्या वर गेलाच नाही. आणि ते खरं बोलत होते. खालच्या होजच्या क्लिपमधून थेंब-थेंब पाणी गेलं होतं. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली उतरली. सेन्सरचं टोक पाण्यात नाही, रिकाम्या पोकळीत लोंबतंय. पोकळीतली हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही, म्हणून काटा खाली आला. हाय टेंपरेचर स्विचसुद्धा शेजारीच, तोही कोरडा. हेड वाकलं, तीन नंबरचा पिस्टन लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला, चिकटला. तेव्हा लोड तोच असताना काटा अचानक खाली आला तर आनंद मानू नका, सेट बंद करा. आणि सकाळी सेट गार असताना झाकण उघडून पाणी डोळ्यांनी बघा. बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर भरवसा ठेवू नका, झाकण खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होतं.

सेन्सरवरच शंका असेल तर तो काढून, वायर लावलेलीच ठेवून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरा. ज्याला बॉडीतून अर्थिंग मिळावं लागतं अशा सेन्सरला एक वायर इंजिनाला जोडून द्या. तुमच्याकडे समुद्रकाठी काटा १०० दाखवायला हवा. माझे एक गिऱ्हाईक महाबळेश्वरचे, त्यांना मी हेच फोनवर सांगितलं आणि त्यांनी मीटर बदलून टाकला, कारण तो ९५-९६ दाखवत होता. तिथल्या उंचीवर पाणी तेवढ्यालाच उकळतं! चूक माझीच.

आता थर्मोस्टॅट. मीही पहिली पाच-सहा वर्षं गिऱ्हाइकांचे थर्मोस्टॅट काढून फेकले आहेत. उस्तादांनी शिकवलं तेच करत होतो. काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक हुशार. मग वर्षा-दोन वर्षांनी तेच सेट परत यायला लागले: ऑईल खातो, धूर मारतो, सायलेन्सरच्या तोंडाला काळं चिकट ओघळलेलं. थर्मोस्टॅट नसला की हलक्या लोडवर इंजिन ५०-५५ वरच राहतं. घरच्या सेटवर रात्री चार पंखे आणि फ्रिज, म्हणजे दहा-पंधरा टक्के लोड. त्या थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेलं लायनरवर बसतं, ऑईलमध्ये उतरतं, लायनरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि रिंगा ऑईल धरत नाहीत. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते. मग भर लोडवर अर्धं पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरतं आणि तापमान उलट वाढतं. म्हणून काढू नका. शंका असेल तर तपासा. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि एक थर्मामीटर. अंगावर ८२ कोरलेलं असेल तर त्याच्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा घ्या, तेवढ्याच अंशाचा.

तुमच्या वहीत म्हणून हलक्या लोडचा आकडाही हवा. पाव लोडवर अर्ध्या तासानंतर पाणी ७५ च्या खाली असेल तर मला ते ९३ पेक्षा जास्त खटकेल.

ऑईलचं तापमान इंजिनाच्या बुडाशी ऑईल साठतं त्या टाकीच्या, म्हणजे संपच्या, काळ्या रंगावर गन मारून बघता येतं. पूर्ण लोडवर ९० ते ११० चालतं; १२० ओलांडलं तर ऑईलची पातळी, ग्रेड आणि लोड तिन्ही बघा. अल्टरनेटरच्या बेअरिंगवर आणि केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) तेच टेपचं तंत्र वापरा, पण लगवर टेप सेट बंद असताना लावायची. एक लग दुसऱ्यापेक्षा वीस अंशांनी गरम असेल तर नट ढिला आहे.

तुमच्या शेजाऱ्यांकडे एअर-कूल्ड सेट आहे असं लिहिलंत. त्यांना वरचं पाण्याचं काही लागू नाही. तिथे हेडजवळच्या पाकळ्यांच्या बुडाशी आणि ऑईलवर लक्ष ठेवायचं, आणि ब्लोअरवरचा पत्रा ‘हवा लागू दे’ म्हणून काढायचा नाही. तो पत्राच हवा पाकळ्यांमधून नेतो.

सेट बंद करताना लोड काढून तीन ते पाच मिनिटं तसाच चालू द्या. भर लोडवरून चावी फिरवली की पंखा आणि पंप थांबतात, पण हेडमधली गर्मी तिथेच असते. बंद केल्यावर काटा पाच-सात अंशांनी वर गेलेला दिसतो तो याचमुळे. आणि शेड मोकळी करताना सायलेन्सरचा धूर खोल्यांच्या खिडक्यांकडे वळत नाही ना, हे रात्रीच्या वाऱ्याला पुन्हा बघा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तर या रविवारी पाहुणे नाश्त्याला बसले की सुरू करा. आधी उदबत्ती, मग गिझर. दुपारी तीनच्या वाऱ्याला पूर्ण लोडचं वाचन पुन्हा एकदा घ्या, आणि चार रकान्यांचा तो कागद सेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. जाळीशी हवा ४० च्या वर निघाली तर आधी पत्रेवाल्याला बोलवा. ३५ च्या खाली निघाली आणि पाणी तरीही ९३, तर दोन्ही होजमधला फरक मला कळवा, मग रेडिएटर खोलायचा की पंप ते सांगतो.